नुसत्या हातानं

आमचे नाना उंदराला हात लावण्याआधी हात दाखवायचे. पिंजऱ्याची जाळी उचलायची, पंजा उताणा करून आत तुसावर ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. थोड्या वेळानं एखादा पांढरा उंदीर मिशा हलवत पुढे यायचा, बोटं हुंगायचा, अंगठ्यावर पाय ठेवायचा, आणि तेव्हा कुठे नाना त्याला उचलायचे. "आधी हात दाखवा, मग हात लावा," हे त्यांचं वाक्य त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणीही झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. जळगावच्या बाहेर महामार्गाला लागून आमचं फार्मसी कॉलेज. नाना तिथं औषधशास्त्राचे प्राध्यापक आणि प्राणिगृहाचे प्रमुख. प्राणिगृहात मास्क आणि हातमोजे हवेत असा नियम आहे. मुलांना ते दोन्ही सक्तीनं घालायला लावत, स्वतः मात्र कायम नुसत्या हातानं. रबराच्या वासानं उंदीर बिचकतो, बिचकला की त्याचा रक्तदाब चढतो, मग तुम्ही औषधाचा परिणाम मोजता की त्याची भीती, असं ते विचारायचे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडायला फार जड जायचं.

मी भांडायचे तरीही. मी सावद्याची, केळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच येत नाही. एम. फार्म.ला नानांकडे आले, तिथंच नोकरीला लागले आणि पहिल्या महिन्यापासून त्यांना रागवायला लागले. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण ते मला अक्का म्हणायचे. "अक्का आली, आता आपली धडगत नाही," असं उंदरांना सांगायचे. उंदरांशी ते अहिराणीत बोलत. मूळचे भडगावकडचे, वर्गात पुस्तकी मराठी, प्राचार्यांसमोर त्याहून पुस्तकी, पण पिंजऱ्यापाशी गेले की "ये रे, भिऊ नको, मीच शे," सुरू व्हायचं. मी एकदा म्हटलं, नाना, ही जात परदेशातून आलेली आहे, त्यांना अहिराणी काय कळणार? ते म्हणाले, यांची पणजीसुद्धा याच खोलीत जन्मली, तुझ्यापेक्षा हे जास्त खान्देशी आहेत.

गोड माणूस होता असं मात्र कुणी समजू नये. संशोधन करणाऱ्या मुलांना नाना म्हणजे आग्यावेताळ वाटायचे. प्रत्येक प्रयोगाला प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते, आणि किती उंदीर, कशासाठी, शेवटी त्यांचं काय करणार, हे सगळं समितीपुढे सांगावं लागतं. बाकीचे सदस्य चहा-बिस्किटं संपवून सही करायच्या बेतात असत, तेव्हा नाना चष्मा वर करून विचारत, यातला शेवटचा उंदीर कशाला हवाय? मुलगा गडबडून सांगायचा की सर, एखादा मेला तर हाताशी असावा म्हणून. नाना म्हणत, मग तो मरू नये याची काळजी घे, आणि आकडा खोडायला लावत. मुलं बाहेर येऊन त्यांच्या नावानं खडे फोडायची.

माझ्या पहिल्या प्रयोगाच्या शेवटी त्यांनी काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. इतर कॉलेजांत उंदीर मारायचं हे शेवटचं काम शिपायावर ढकलून विद्यार्थी कँटीनला निघून जातो. नानांकडे ते चालत नसे. ज्याचा प्रयोग त्यानंच शेवट करायचा. भुलीच्या औषधाचा जास्तीचा डोस पोटात टोचायचा, उंदीर हातातच झोपतो आणि परत उठत नाही. मी सुई भरली आणि मला रडू फुटलं. वाटलं, आता नाना पाठीवर हात ठेवतील, राहू दे म्हणतील. कसलं काय. त्यांनी सुई माझ्या हातातून काढून घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "रडायचं तर आधी रडून घे. सुई हातात घेतल्यावर नाही. तुझा हात थरथरला तर त्याला दोनदा टोचावं लागेल." मी बाहेर जाऊन रडले, तोंड धुतलं, परत आले. उंदीर त्यांनी धरला, मी टोचलं. एकदाच.

दुसरी एक गोष्ट त्यांनी शिकवली ती लाल पाण्याची. एक मुलगी किंचाळत आली होती की सर, उंदराच्या डोळ्यांतून रक्त येतंय. नानांनी ओला कापूस घेऊन त्याचा डोळा पुसला. रक्त नव्हतं ते. दुखलं, भ्यालं, आजारी पडलं की उंदराच्या डोळ्यांतून तसलं तांबडं पाणी येतं आणि नाकाशी वाळतं. "यांचं बरंय," नाना म्हणाले, "यांचं पाणी लाल असतं, लांबून दिसतं. माणसाचं बिनरंगी, त्यामुळे कुणी विचारत नाही." तेव्हा आम्ही हसलो होतो.

नानांची छाती बिघडली ती एका मे महिन्यात. आमच्याकडचा मे कसा असतो हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. उंदराला तर घाम येतच नाही. उकडलं की तो आपली थुंकी छातीला फासून आडवा पडतो, आणि त्यापुढे फार वेळ टिकत नाही. त्या मेमध्ये प्राणिगृहाचं एसी यंत्र जळालं आणि त्याच्यासोबत हवा बाहेर फेकणारा पंखाही. दुरुस्तीचा माणूस येतो येतो म्हणत आठवडा निघाला. मी म्हटलं, सावद्याला आमच्या केळी पिकवायच्या थंड खोलीत नेऊ सगळ्यांना. नाना म्हणाले, तिथला गॅस सोसणार नाही, शिवाय नोंदणी झालेल्या जागेबाहेर यांना नेता येत नाही. मग बर्फाच्या लाद्या आणल्या, गोणपाटात गुंडाळून टेबलफॅनपुढे मांडल्या, दारं-खिडक्या बंद केल्या आणि नाना आत बसले. लाद्या बदलायच्या, पाणी पुसायचं, आडव्या पडलेल्याला ओल्या बोळ्यानं पुसायचं. त्या कोंडलेल्या खोलीत मुताचा वास असा भरलेला की दार उघडलं तरी डोळ्यांची आग व्हायची. काही उंदीर गेले, बरेचसे वाचले. नाना खोकत बाहेर आले आणि तो खोकला राहिला तो राहिलाच.

आधी त्यांनी ते धुळीवर ढकललं, मग वयावर. मग फळ्यावर लिहिताना मधेच खडू ठेवून उभे राहायला लागले. छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हा उंदरांचाच दमा आहे. नराच्या लघवीत एक प्रथिन असतं, ते वाळून धुळीबरोबर उडतं, आणि काहींच्या शरीराला ते एकदा बाधलं की पुढच्या प्रत्येक खेपेला जास्तच बाधत जातं. औषधापेक्षा लांब राहणं हाच उपाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. इतकी वर्षं हातमोजे घातले असते, मास्क हनुवटीवर न लटकवता नाकावर ठेवला असता, तर कदाचित वाचले असते, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "उंदराला ओकता येत नाही, अक्का. गिळलं ते गिळलं." मला इतका संताप आला की मी त्यांच्या टेबलावरचा दम्याच्या पंपाचा डबा आपटला.

घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वेगळाच कायदा काढला होता. काकू सोनगीरकडच्या, कमी बोलणाऱ्या. नानांनी मागच्या दारानं यायचं, नळाखाली हातपाय धुवायचे, कपडे बाहेरच्या बादलीत टाकायचे आणि मग घरात पाऊल ठेवायचं. उंदीर हा शब्द घरात काढायचा नाही. मी एकदा जेवताना चुकून काढला तर काकूंनी वाढायचा चमचा खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.

दिवाळीनंतर एक झटका असा आला की नानांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सुटी देताना डॉक्टरांनी मला आणि काकूंना समोर बसवून बजावलं: आता त्या खोलीत पुन्हा गेले तर हा झटका परत येईल, आणि तेव्हा मी काही करू शकेन असं धरून चालू नका. नानांनी मान डोलावली आणि प्राणिगृहाची किल्ली माझ्याकडे दिली. चार महिने त्यांनी शब्द पाळला. व्हरांड्यातून जाताना सुद्धा पलीकडच्या कडेनं जायचे. फक्त रोज विचारायचे, खातात का? पिल्लं किती? आणि मी सांगायचे.

मग संस्थेनं प्राणिगृह बंद करायचं ठरवलं. पदवीच्या अभ्यासक्रमातले प्राण्यांवरचे प्रयोग केव्हाच गेले होते, मुलं आता संगणकावर उंदराला औषध देतात. संशोधन करणारे हाताच्या बोटांवर, आणि यंत्राचं वीजबिल तर डोक्यावर बसलेलं. त्यात कुणाचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. नानांनी धुळ्याच्या एका कॉलेजला विचारून पाहिलं. त्यांना नोंदणीकृत पैदास केंद्रातलेच तरुण उंदीर हवे होते, आमचे म्हातारे कोण घेणार? वॉचमन म्हणाला, सर, मागच्या कपाशीत सोडून देऊ. नियमात ते बसत नाहीच, पण नाना नियम सांगत बसले नाहीत. पिंजऱ्यात जन्मलेला पांढरा उंदीर शेतात संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही, आणि मरेल तो भीतीनं, एवढंच म्हणाले. समितीनं मंजुरी दिली. सगळ्यांना इंजेक्शन. पशुवैद्य डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या सोमवारी.

मी नानांना सांगितलं की मी करते. मला येतं, तुम्हीच शिकवलंय. ते आपल्या टेबलाशी बसून होते, बोलताना आवाजात ती बारीक शिट्टी. म्हणाले, ते उंदीर माझे आहेत. मी म्हटलं, मी रोज खायला घालते, मी काय परकी आहे का? तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी तुझे हात कधी पाहिलेच नाहीत, अक्का. हातमोजे पाहिलेत." मी डॉक्टरांची शपथ घातली, काकूंची घातली, मुलीची घातली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, एवढाच मला आधार होता.

सोमवारी सकाळी मी पोचले तर प्राणिगृहाचं दार उघडं. ऑफिसातली दुसरी किल्ली मागायला माणसाला किती वेळ लागतो? काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, बँकेत जातो सांगून निघालेत. नाना आत स्टुलावर बसले होते, पशुवैद्य डॉक्टर बाजूला अवघडून उभे. मी नानांना बाहेर ओढलं नसतं असं समजू नका. दंड धरला होता. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, वेळ घालवू नको, माझ्याकडे फार नाहीये. मग मी त्यांच्या नाकावर एकावर एक दोन मास्क बांधले आणि सुया भरायला घेतल्या. मी भरून द्यायची, ते टोचायचे.

त्यांनी हात आत ठेवला. उंदराचं सगळं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. त्यात चार महिने दिसला नाही तो माणूस त्याला आठवतो का, मला माहीत नाही. पण ते आले. एकेक पुढे येऊन बोटं हुंगत होते, मी पाहिलंय. नाना उचलायचे, पोटाशी धरायचे, टोचायचे, आणि अंग सैल पडेपर्यंत तसेच धरून ठेवायचे, मगच पुढचा. अर्धे पिंजरे झाल्यावर त्यांनी मास्क ओढून काढले. त्यातून हवाच येत नव्हती त्यांना. मी ओरडले, पशुवैद्यांनी बास म्हटलं. नानांनी पंप ओढला आणि पुढची जाळी उचलली. बोलायला दम राहिला नव्हता, नुसते ओठ हलत होते. शेवटच्या पिंजऱ्यात एक म्हातारी मादी होती. ती झोपल्यावर त्यांनी तिला ट्रेमध्ये ठेवलं, उठून दारापर्यंत आले आणि पायरीवर बसले. नखं निळी झालेली. पशुवैद्य मेलेल्या उंदरांच्या पिवळ्या पिशव्या बांधायला मागे थांबले आणि मी नानांना गाडीत घातलं.

दवाखान्यातून ते घरी आले नाहीत. तीन दिवस यंत्रावर होते, आणि यंत्र असूनही प्रत्येक श्वास त्यांना हिसकावून घ्यावा लागत होता. काकू पूर्ण वेळ उशाशी होत्या. मी काचेतून बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना वाट्टेल ते बोलत होते. माझा राग अजून गेलेला नाही. उंदरांना भीती वाटू नये म्हणून माणसानं स्वतःच्या बायकोला असं सोडून जावं का? लोक त्यांना संत-बिंत म्हणायला लागले की मी तिथून उठते. आणि तरीही, एवढ्या आयुष्यात ज्याच्यासारखं व्हावंसं वाटलं असा माझ्या पाहण्यातला तो एकच माणूस, हेही खरं आहे.

नानांचे दिवस झाल्यावर मी काकूंकडे गेले. पाहुणे निघून गेले होते. काकूंनी मला शेजारी बसवलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उंदरं तरी सुखमा गयात ना वं?"

मी हो म्हणाले. खरंच होतं ते. एकही ओरडला नाही, एकाच्याही डोळ्याला पाणी आलं नाही, सगळे त्यांच्या हातात झोपले, असं सांगितलं.

काकूंनी नानांच्या फोटोकडे पाहिलं.

"यासले तसं मरन नही भेटनं, माय."