लिंबाखालचा कट्टा आणि न वाजलेली हलगी

गल्लीकरांनो, तालमीच्या फळ्यावर आज पंचांनी लिहिलंय, "लिंबाखालचा कट्टा सर्वानुमते काढला." त्याच्याच खाली मी, कोपऱ्यावरचा बांगडीवाला अब्बास, खडूनं चार ओळी लिहितोय. पुसू नका.

सकाळी मी कोडोलीच्या बाजाराला गेलतो. दुपारी परत येतोय तर कट्टा गायब! महाराज गादीवर आले त्या साली तो बांधायचं ठरलं, तेव्हा हलगी वाजवून सगळ्यांना बोलावलं होतं. आमचे अब्बा तापानं पडून होते, तर पंच दारात येऊन त्यांना विचारून गेले.

म्हणून आज थोरले पंच तात्या, त्यांनाच गाठलं. "हलगी का न्हाय वाजवली?"

"गाड्यास्नी वाट पायजे हुती की. तू काय न्हाय म्हणणार हुतास व्हय?"

नाही म्हणालो नसतो, तात्या. गाड्या अडतात, मलाही दिसतं.

पण हलगी ऐकून, हातातलं काम टाकून, सगळ्यांच्यात उभं राहून मला "व्हय" म्हणायचं होतं. अब्बा खाटेवरून म्हणाले होते, तसं.

ज्यांना विचारलं, त्यांनी खाली नाव लिहा. "सर्वानुमते"मधले सर्व कोण, ते एकदा कळू दे.

खडू इथंच ठेवलाय.