उन्हानं चिकटलेली दोन अक्षरं

१३ मार्च १९७३, मंगळवार. सकाळचे अकरा चाळीस. नगरच्या एका दवाखान्यात बाकावर बसून मी केसपेपरवरचं आमचं आडनाव तिसऱ्यांदा तपासत होतो...

तेव्हा मी बावीस वर्षांचा, नववी नापास. पाथर्डीला तलाठ्याच्या हाताखाली जुन्या कागदांच्या नकला उतरवायचो. धाकटी बहीण शांता दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिच्या तोंडावर, हातांवर कधीपासून काळे ठिपके होते. आता नाकावर गाठ येऊन चिघळली होती.

एक गोष्ट आज सांगूनच टाकतो. कोवळं ऊन डागांना चांगलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. महिनाभर रोज सकाळी मीच तिला घड्याळ बघून तासभर उन्हात बसवलं. एक दिवस चुकवला नाही...

आत बोलावल्यावर डॉक्टरीणबाई आम्हा दोघांना म्हणाल्या, "गाठीचा तुकडा तपासून आलाय. उन्हानं झालेला कॅन्सर आहे, पण खोल गेलेला नाही. काढून टाकू."

मी विचारलं, "बाई, ऊन तर सगळ्यांनाच लागतं. मग हिलाच का?"

"तुम्ही काय काम करता?"

"नकला उतरवतो."

"वाळवीनं खाल्लेला आकडा आला तर?"

"तिथं 'फाटले' लिहून पुढं जातो. अंदाजानं आकडा घातला, तर पुढच्या सगळ्या नकलांत तोच जातो."

बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, कातडीच्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब लेख असतो. उन्हानं त्यातली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी ती कापून काढते, नवी बसवते... रोज, गुपचूप.

पण दुरुस्तीआधीच नक्कल करायची वेळ आली तर? बहुतेकांची पेशी ती चिकटलेली जागासुद्धा नीट उतरवते. शांताची तिथं अडखळते आणि भलतंच अक्षर घालते. अशा चुका साठल्या की एखादी पेशी वाढायचं थांबतच नाही. "का अडखळते, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण हिनं आता उन्हात काम करायचं नाही," बाई म्हणाल्या.

मी माझ्या मनगटाकडं बघत बसलो. स्टँडपासून उन्हातच चालत आलो होतो. "म्हणजे या घटकेला इथं आत हजारो कारकून कामाला लागले असतील... ना पगार, ना साहेबाची सही," मी पुटपुटलो.

शांता एकदम म्हणाली, "मंग मुकादमाला काय सांगू? माझ्यातले कारकून कच्चे हायेत?"

बाई हसल्या. मला हसू येईना. ते उन्हातले तीस तास डोळ्यांपुढून हलत नव्हते. शांतानं ओळखलं. माझी बाही ओढून म्हणाली, "दादा, तुला कुठं ठावं हुतं? चल आता, सावलीसावलीनं जाऊ."

पुढच्या आठवड्यात गाठ काढली. नाकावर बारीक व्रण राहिला. ती पुन्हा खडीवर गेली नाही. कामावरच्या बायकांची तान्ही पोरं छपराखाली सांभाळू लागली.

अजूनही उन्हातून आलो की मी आधी मनगटाकडं बघतो. आतल्या त्या न दिसणाऱ्या हातांना मनोमन नमस्कार करतो... आणि शांता सोबत असली, की तिच्यावरची छत्री माझ्याच हातात असते.