थेंब येत नाही

मुलगी बघायला मुलाकडचे लोक येतात, अशी आमच्यात रीत. मला मात्र उलटं त्यांच्या घरी नेऊन दाखवलं, कारण माझ्या थोरल्या भावाला त्याच फेरीत आपली गाडीही दाखवायची होती. कामठीच्या त्या यंत्रमागवाल्यांना मुलासाठी बायको पाहिजे होती आणि साड्यांचे गठ्ठे नागपूरला आणायला गाडी पाहिजे होती. आमच्याकडे दोन्ही होतं. मग दोनदा पेट्रोल कशाला जाळायचं, असा दादाचा विचार.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता तो. आम्ही कोष्टी. वडील होते तोवर घरात हातमाग चालायचे. ते गेले, आणि मागांचं लाकूड व आईच्या पाटल्या विकून दादानं एक जुनी पिकअप घेतली. लिलावात निघालेली, चार जणांनी हाकून सोडलेली. डाव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसलेले, त्यामुळे उभी असली तरी ती एका अंगावर कललेली असायची. दादा तिच्यावर जीव टाकायचा. आमच्याशी तो धड बोलत नसे, पण सकाळी तिच्या बॉनेटवर फडकं फिरवताना त्याचा चेहरा निवळायचा. केबिनच्या सीटसाठी त्यानं घरातल्या उरल्यासुरल्या कापडाला स्वतःच गडद लाल रंग दिला आणि खोळ शिवून घेतली. आईचा जन्म सूत रंगवण्यात गेला होता. ती म्हणाली, "बाबू, पाणी उकळलं नाही तू. कच्चा राहिला रंग." दादा म्हणाला, "सीटले काय रोज धुवायचं हाय?" तेवढ्यावर विषय संपला.

आम्ही निघालो तो मार्चमधला दिवस. दादा गाडी चालवत होता, मध्ये आई, डाव्या खिडकीशी मी. मला आईनं तिच्या हातची शेवटची विणलेली मोतिया रंगाची साडी नेसवली होती. कामठी रोडवर अवेळी पावसाची एक जोरदार सर आली आणि माझ्या डोक्यावरच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. खांद्यावरून ओघळून ते सीटवर उतरलं आणि खालच्या स्पंजनं सगळं पिऊन टाकलं. मी म्हटलं, "दादा, इथं पाणी येऊन राहिलं."

"काहून वं, एवढीशी सर आली तं बोंबलून राहिली? बस गपचूप."

मी खाली घ्यायला टॉवेल मागितला. टॉवेल त्याला काच पुसायला लागत होता, म्हणून तो मिळाला नाही.

कामठीत पावसाचा पत्ता नव्हता. रस्त्यावर धूळ उडत होती आणि ऊन असं की गाडी पोचेपर्यंत बाहेरून खडखडीत वाळली. मी उतरले तेव्हा दादानं माझ्याकडे मागून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, पदर नीट नसेल. आत बायकांच्या खोलीत मी मुलाच्या आईच्या पाया पडायला वाकले आणि मागून कोणीतरी फिसकन हसलं. मुलाच्या आईनं मला दंडाला धरून वळवलं आणि म्हणाली, "काय वं पोरी, अशा दिवसात आली तू आमच्या घरी?"

मी मान वळवून पाहिलं तेव्हा मला कळलं. मोतिया साडीवर मागे तळहाताएवढा लाल डाग पडला होता. मी म्हटलं, "तसं नाही जी. गाडीत पाणी गळते. पाऊस होता रस्त्यात. सीटच्या खोळीचा रंग लागला." बाईनं दाराबाहेरच्या कोरड्या अंगणाकडे पाहिलं. मग पडदा जरासा सारून तिनं पुरुषांच्या बैठकीत विचारलं, "पोरगी म्हणते, सीट ओली होती. येते काय जी तुमच्या गाडीत पाणी?"

बैठकीत त्या वेळी गाडीचंच बोलणं चाललं होतं. भारी साड्या मागे उघड्यावर टाकायच्या नाहीत, केबिनमध्येच ठेवायच्या, आणि केबिन कोरडी असेल तरच काम देऊ, असं यंत्रमागांचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, म्हणत होते. दादानं पडद्याच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पुरती दिसत होते.

"थेंब येत नाही जी," तो म्हणाला.

आई माझ्या शेजारी उभी होती. सर आली तेव्हा तीही त्याच सीटवर होती. तिनं जमिनीकडे पाहिलं आणि जमिनीकडेच पाहत राहिली. दादाला मी कधी माफ केलं नाही, पण आईचं ते खाली पाहणं मला जास्त लागलं.

चार दिवसांनी निरोप आला. पोरगी विटाळाची आली आणि वरून खोटं बोलली, तेव्हा लग्नाचं राहू द्या. गठ्ठ्यांचं काम मात्र सुरू करा. दादानं दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या आणि जेवायला बसला.

आमच्या जातीत सोयरिकीची घरं ठरलेली. उमरेडपासून कामठीपर्यंत बायकांना बोलायला एक विषय मिळाला. पुढचं स्थळ आमच्या दारापर्यंत आलंच नाही. तिसऱ्यानं आधी पत्रिका मागवली आणि मग परत पाठवली. लग्नाकार्यात मी पंगतीत वाढायला उभी राहिले की कोणी ना कोणी माझ्या पाठीमागून चक्कर मारून जायची. आणि दादानं मला केबिनमध्ये बसायला बंदी केली. सीताबर्डीच्या बाजारात जायचं असो की उमरेडला मावशीकडे, मी मागच्या उघड्या हौद्यात, उन्हातान्हात, रिकाम्या पोत्यांवर. "सीट खराब होते," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ऐकणारे हसायचे. त्याला ठाऊक होतं सीट कशानं खराब होते. त्यानं गुपचूप छतावर, माझ्या जागेच्या बरोबर वर, डांबर चोपडून ठेवलं होतं.

एके दिवशी हौद्यात उभी असताना मला ते डांबर दिसलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणजे हा माणूस मनातल्या मनात कबूल करून बसला होता. मी ठरवलं, पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायचं, सगळ्यांना दाखवता येईल असं शोधायचं, आणि कामठीला नेऊन त्या बाईच्या पुढ्यात ठेवायचं. मला तो मुलगा नको होता. त्याचा चेहराही मी धड पाहिला नव्हता. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की मी खोटं बोलले नाही हे त्या खोलीत कोणीतरी मोठ्यानं म्हणावं.

दुपारी दादा जेवून झोपायचा तेव्हा मी कामाला लागायचे. गळती शोधायला एक जण आत बसावा लागतो आणि एकानं बाहेरून पाणी ओतावं लागतं. काचा चढवून, दारं लावून मी आत बसायचे. नागपूरचा मे महिना, आणि बंद केबिन. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बाहेरून आई ओतायची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "नळाले पाणी नाही अन् तू काहून नासून राहिली वं?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तिनं बादली उचलली.

नुसत्या पाण्यानं काही कळेना. दोन ठिकाणी ओतलं की आतला थेंब कोणत्या ठिकाणचा, हे कसं ओळखायचं? तेव्हा मला माळ्यावरच्या रंगाच्या डब्या आठवल्या. माग गेले तरी आईनं त्या टाकल्या नव्हत्या. सीटची खोळ काढून मी वडिलांचं जुनं पांढरं धोतर अंथरलं आणि प्रत्येक जागेला वेगळा रंग दिला. डांबर लावलेल्या जागी पिवळं पाणी ओतलं. धोतरावर काहीच उमटलं नाही. दाराच्या फटीवर निळं ओतलं, ते पायाशी उतरून पत्र्याच्या भोकातून निघून गेलं. समोरच्या काचेच्या खालच्या अंगाला लाल ओतलं, तेही आत आलं नाही. राहिला काचेचा उजवा वरचा कोपरा. तो दादाच्या डोक्यावरचा. तिथून कुठलं पाणी यायचं, असं वाटून मी तो शेवटी ठेवला होता. तिथे हिरवं ओतलं.

बराच वेळ काही झालं नाही. आई म्हणाली, "ये बाहेर, मरशील." मी दाराला हात घातला आणि तेवढ्यात डाव्या बाजूला, त्या दिवशी मी बसले होते नेमक्या त्या जागी, धोतरावर हिरवा थेंब पडला. मग दुसरा पडला, मग धार लागली. काचेचं रबर त्या कोपऱ्यात तडकलं होतं. पाणी शिरायचं दादाच्या डोक्यावर. गाडी डावीकडे कललेली, म्हणून ते छताच्या अस्तराआडून सरकत सरकत माझ्या बाजूला यायचं आणि शिवणीतून खाली पडायचं. तो कोरडाच राहायचा. मला त्या भट्टीत बसल्या बसल्या हसू आलं आणि मग रडू आलं, आणि आई बाहेरून काचेवर थापा मारत राहिली.

दादा उठल्यावर मी ते धोतर त्याच्यापुढे टाकलं. कोणता रंग कुठला, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो अंगावर येईल. तो उकिडवा बसून ते धोतर पाहत राहिला आणि म्हणाला, "कोणाले सांगितलं?"

"अजून नाही."

"बरं केलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "पाऊस लागायच्या आधी मालक केबिन पाहणार हाय. तू चाल संगं. समोरासमोर सांगून टाकू, तेव्हा गळत होती म्हणून. माझंही मन खाते मले."

त्या एका वाक्यावर मी विरघळले. नवीन रबर तो घेऊन आला आणि काच आम्ही दोघांनी मिळून काढली. काच बसवायची म्हणजे रबराच्या खाचेत एक दोरी ओवतात. बाहेरून एकानं काच दाबायची, आतून दुसऱ्यानं दोरी ओढत जायची, तसं रबर पत्र्यावर चढत जातं. दोरी मी मागाची काढली, न तुटणारी. आत बसून ती मी ओढली. कोपऱ्यात फट बुजवायची लांबी भरायला दादाची जाड बोटं जाईनात, म्हणून तीही मीच भरली, घासून घासून, कुठे फट राहू नये म्हणून. तो म्हणाला, "तुझ्यासारखं डोकं मले असतं तं कुठल्या कुठं गेलो असतो." वडील गेल्यापासून तो माझ्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता. संध्याकाळी त्यानं जुनं काळं ऑइल त्या रबरावर चोळलं. मी विचारलं तर म्हणाला, "मऊ राहते."

कामठीला निघायच्या सकाळी तो म्हणाला, "पांढरी साडी नेस. लोकायले पटलं पाहिजे." मी नेसले. जाताना त्यानं मला पुढे बसवलं.

मालकांच्या अंगणात गाडी उभी केली. ओट्यावर त्या घरच्या बायका जमल्या होत्या, ती मुलाची आईही होती. दादानं मला आत बसायला सांगितलं, काचा चढवायला लावल्या आणि टपावर बादल्या ओतायला सुरुवात केली. उजव्या कोपऱ्यावर तर त्यानं मुद्दाम हात वर करून ओतलं. मी आतून त्या कोपऱ्यावर नजर लावून बसले. तिथे ओलसुद्धा धरली नाही. मला क्षणभर माझ्या हातांचा अभिमान वाटला, हे आठवलं की आजही अंगाची लाही होते.

मी उतरले. मुलाच्या आईनं मला खांद्याला धरून सगळ्यांसमोर वळवलं आणि माझ्या साडीवर मागून तळहात फिरवला. "कोरडी हाय," ती ओट्याकडे पाहून म्हणाली.

मी दादाकडे पाहिलं. आता तो बोलेल म्हणून थांबले. तो बादली उपडी करून ठेवत होता. शेवटी मीच बोलले, "आता बुजवली म्हणून कोरडी आहे. तेव्हा गळत होती. रबर परवाच टाकलं, माझ्या हातानं टाकलं. दादाले विचारा."

मालक काचेपाशी गेले. त्यांनी रबरावरून अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला. "हे तं जुनंच दिसते," ते म्हणाले.

"पहिल्यापासूनचंच हाय जी," दादा म्हणाला. "पोरगी अजून तेच धरून बसली. कितीक समजावलं तिले." आणि तो कसनुसा हसला, घरच्या वेड्या माणसाबद्दल बोलताना हसतात तसा. ओट्यावरच्या बायका मोकळ्या हसल्या. मुलाच्या आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला माझी कीव आली होती. "होते असं एखाद्या पोरीचं," ती म्हणाली. "पण खोटं नाही बोलू वं."

परतताना दादा म्हणाला, "बस पुढं, आता काय धाक हाय?" मी मागे हौद्यात चढले. घरी येऊन ते धोतर शोधलं, तर आईनं ते चुलीत घातलं होतं. "त्याचं काम सुटलं असतं तं आपण काय खाल्लं असतं?" ती म्हणाली. ते खाणं मीही खाल्लं, पुढची कित्येक वर्षं, त्याच घरात.

त्या वर्षी पाऊस खूप झाला. दादाच्या केबिनमधून गठ्ठे येत राहिले आणि एकाही साडीला डाग लागला नाही. श्रावणात कामठीच्या त्या घरची नवी सून सीताबर्डीला खरेदीला निघाली, तेव्हा मालकांनी तिला आमच्याच गाडीनं पाठवलं. वाटेत दादानं गाडी आमच्या दाराशी थांबवली, आईनं तिला कुंकू लावावं म्हणून. बाहेर धो धो पाऊस, आणि ती माझ्या जागेवर बसून आली होती. गाडीपासून दारापर्यंत दादानं तिच्यावर छत्री धरली. आईपुढे ती वाकली तेव्हा मी मागे उभी होते. तिची साडी मी वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. कुठेही ओल नव्हती.