सुनेआधी ज्वारीची पोती

मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होते. पूर्णेला पूर आला त्या वर्षी आमच्या तुकडीची ड्यूटी येलदरी धरणाच्या खालच्या गावांवर लागली. म्हणजे माझ्याच मुलखात, बघा. हेलिकॉप्टर उतरायचं, औषधं वाटायची, आजारी माणूस उचलायचा, निघायचं.

त्या सकाळी बोरीकडच्या एका गावात सखू नावाची पोर अडली होती. बाळ आडवं, ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती. पण तिची सासू गयाबाई दारातून हलेना. नसबंदीचे दिवस ते. सरकारी गाडी दिसली की माणसं रानात लपायची.

“बाळंतपणाचं नाव सांगून कापायला न्यायलात. मला येडी समजता व्हय?”

“मावशी, मी जिंतूरची हाय. माझ्यावर तरी भरवसा ठेवा.”

“जिंतूरचे तर लय लबाड!”

कशीबशी ती तयार झाली, तर आमचे हेलिकॉप्टरचे मेकॅनिक सार्जंट मोरे अडले. इंजिनाचा वेग सारखा ठेवायला गव्हर्नर असतो. उतरताना वेगाची सुई नाचलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी सगळे जोड तपासले, इंजिन जमिनीवर चालवलं. दोष सापडेना.

“ओके?” पायलटसाहेबांनी विचारलं.

“रिकामं ओके, सर. वजनावर भरवसा नाही. आधी पोती घालून बघू.”

वायरलेसवर दुसरं हेलिकॉप्टर मागितलं. “संध्याकाळपर्यंत. ओव्हर.” तेवढा वेळ सखूकडे नव्हता. मग तिच्या न् माझ्या वजनाची ज्वारीची पोती आत चढली. गयाबाईला नवाच संशय.

“सुनेआधी आमची जवारी पळवायलेत, बगा!”

पायलटसाहेब आणि मोरे दोघंच आत बसले. हेलिकॉप्टर झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलं. आवाज एकदम चढला, मग बसला. पंखा मंदावला. ते कापसाच्या रानात आदळलं. पायलटसाहेबांचा पाय मोडला. मोरे जागीच गेले.

गयाबाई माझ्यामागं धावत आली होती.

“त्याला ठावं व्हतं, इंजिन बिघडलंय?”

“संशय होता.”

“मंग वर कामून गेला?”

“तुमची सून बसणार होती म्हणून.”

अपघाताचं कळताच दुसरं हेलिकॉप्टर लगेच निघालं. सखू आणि बाळ दोघंही वाचली, हे आधीच सांगून टाकते. पण त्या हेलिकॉप्टरात स्ट्रेचर दोनच. एकावर सखू, एकावर पायलटसाहेब. मोरेंना दुसऱ्या फेरीपर्यंत तिथंच ठेवावं लागणार होतं.

“मावशी, बसा सुनेजवळ,” मी म्हटलं.

“तिच्यापाशी तुमी हाव की.” ती मोरेंच्या उशाशी चिखलातच मांडी घालून बसली. “ह्याचं हितं कुणी न्हाई.”