पार्टिशनपलीकडची ओळ

"फ्रान्समधल्या क्रांतीमुळे अमेरिकेत पक्ष कसे झाले?" हा तुझ्या शाळेतला प्रश्न, बाळा. व्हिडिओ कॉलवर तू तो आजोबांना विचारलास, तेव्हा मी, तुझी आजी, मागे कपड्यांच्या घड्या घालत होते.

आजोबांनी नीट सांगितलं. राज्य कसं चालवावं यावरून अमेरिकेत आधीच मतभेद होते. फ्रान्समधल्या उठावाची बातमी आली तेव्हा मात्र बहुतेकांना आनंद झाला. लोक फ्रान्सच्या रंगांच्या फिती लावून मिरवले. मग फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवलं. काहींना वाटलं, ही आग समुद्र ओलांडून येईल. काही म्हणाले, रक्त सांडलं तरी हे आपल्याच स्वातंत्र्याचं धाकटं भावंड. त्यात इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध पेटलं आणि बाजू घेणं आलंच. भेगेची दरी झाली, दोन्ही काठांवर पक्ष उभे राहिले. एकत्र लढलेली माणसं एकमेकांना टाळू लागली.

"पण आजोबा, ते लोक तर फ्रान्सला राहत पण नव्हते!" तू म्हणालीस.

आजोबांनी फोन माझ्या हातात दिला. का, ते आता सांगते.

इथे इंग्लंडात, मेडनहेडला, चौदा एप्रिलची आपली जयंती त्यांनी आणि त्यांच्या नागपूरच्या मित्राने सुरू केली. वंदनेची ओळ मित्राने सांगायची, आजोबांनी ती उचलायची, मग सगळ्यांनी. तशीच पद्धत पडली होती. मग भारताशेजारच्या एका देशात तरुणांनी सरकार उलथवलं. आमच्याच बैठकीच्या खोलीत मित्राने टाळ्या वाजवल्या. टीव्हीवर घरं जळताना दिसली तसे आजोबा बिथरले.

"तुला पेटलेलं घर दिसलं की दिवाळी वाटते."

"आणि तुला क्रांती हवी, पण इस्त्री केलेली!"

तो देश दोघांनीही पाहिलेला नव्हता. तरी त्या वर्षी आमच्या जयंती मंडळाची दोन मंडळं झाली. हे दोघं पुन्हा एकमेकांशी बोलावेत, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या जयंतीला दोन्ही मंडळांनी नकळत कौन्सिलचा एकच हॉल घेतला. अर्धा आम्ही, अर्धा त्यांनी. मध्ये सरकतं पार्टिशन. आम्ही मेणबत्त्या लावल्या आणि पलीकडून मित्राचा आवाज आला. त्याने पहिली ओळ सांगितली. आजोबांनी डोळे मिटले होते. सवयीने त्यांनी ती ओळ मोठ्याने उचलली.

पलीकडे एकदम शांतता. इकडेही. मित्र थांबला होता, हे मला पार्टिशनमधून कळत होतं. मी पार्टिशनच्या कडीकडे बघितलं. आजोबांनी मान हलवली, नको. थोड्या वेळाने पलीकडे दुसऱ्याच कुणीतरी ओळ उचलली.

त्या हिवाळ्यात आजोबा गेले. अजूनही सकाळी मी एकटी वंदना म्हणते तेव्हा माझ्या ओळीमागून कुणीतरी ती उचलतं. मी थांबले की तेही थांबतं.

या वर्षी मी मित्राला फोन केला.

"भाऊजी, हॉल अख्खा घेतलाय. पार्टिशन उघडंच ठेवणार."

त्यांनी वेळ विचारून घेतली. मग म्हणाले, "येतो, वहिनी."

दोन्हीकडची माणसं आली. भाऊजींनी ओळ सांगितली आणि थांबले. हॉल भरलेला होता, तरी ती कुणी उचलली नाही. एका बाजूला दुमडून ठेवलेल्या पार्टिशनकडे ते कान देऊन उभे होते. मीही.