न उचललेला नैवेद्य

गाव उठलं त्या वर्षी मी नुकती विशी ओलांडली होती. मुडबीच्या बाजारात एका आडत्याकडं ज्वारी मोजायचं काम करत होतो, उर्दू चार बुकं शिकलो होतो आणि स्वतःला भलता शहाणा समजत होतो. दसरा झाला आणि घराघरांत उंदीर पडायला लागले. आढ्यावरून पडायचे, गरगर फिरायचे आणि मरायचे. मग माणसांना गाठी आल्या. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, सासर आमच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून होतं. तिचा नवरा पहिल्याच आठवड्यात काखेत गाठ येऊन गेला. तिला मूलबाळ नव्हतं.

तेव्हा गाव सोडण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. आपापल्या शेतात खोपी घालायच्या आणि रोग सरेपर्यंत तिथंच राहायचं. आमची आणि आमच्या भावकीची शेतं ओढ्याच्या अलीकडं, काळ्या रानात. अक्काच्या सासरची पलीकडं, लाल मुरमाड माळावर. त्यामुळं एका गावाच्या दोन वस्त्या झाल्या. ओढा कुणी ओलांडायचा नाही, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. नवरा नुकताच गेलेला, तर अक्का सासरच्या माणसांबरोबरच राहील, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरलं. अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जिवाला ते लागलं होतं. पण ती काही बोलली नाही.

बोलायची सोयच नव्हती. आमच्याकडं एक रीत होती. गाव उठल्यापासून, माघारी येऊन रोगाची देवी पूजेनं पुन्हा बसेपर्यंत कुणाचंही नाव घेऊन विचारपूस करायची नाही. देवीला माणसांची नावं ठाऊक नसतात, ती आपल्याच तोंडून ऐकते आणि ते दार गाठते, असं म्हातारी माणसं सांगायची. आमच्या लोकांना रोगाइतकीच शब्दाचीही भीती. काका, म्हणजे वडिलांच्या मागं घर चालवणारे माझे चुलते, आठवड्यातून एकदा ओढ्याच्या काठाला जायचे. पलीकडं अक्काचे सासरे यायचे, त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू. काका ओरडून विचारायचे, समदी बरी हायती का? अप्पा म्हणायचे, बरी हायती, तुमच्याकडं? काका म्हणायचे, आमच्याकडंबी बरी हायती. एवढ्यावर दोघं माघारी फिरायचे आणि अव्वा रात्री निवांत झोपायची.

वेशीबाहेर एका लिंबाखाली देवीचा दगड होता. दर मंगळवारी तिथं दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा मान आमच्या घराचा, म्हणून अव्वा जायची. मातीच्या परळात दहीभात कालवायचा, परळाच्या बाहेरच्या अंगाला विभूतीची तीन बोटं ओढायची, दगडापुढं ठेवायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. मागून आपल्याच माणसाच्या आवाजात हाक येते, ती देवीची असते, वळलं की ती बरोबर येते. हे सगळं अव्वाला तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि ती ते काटेकोर पाळायची.

नैवेद्य दर वेळी जायचा. नुसता भात नाही, परळसुद्धा जायचा. कुत्री आमच्याबरोबर रानात आली होती, म्हणून त्यांच्यावर नाव घालायची सोय नव्हती. मी एकदा शहाणपणानं म्हणालो की माकडं नेत असतील. काका म्हणाले, माकडं परळ घेऊन जायला काय संसार मांडलाय का त्यांनी? सगळे हसले. देवी भांड्यासकट उचलते म्हणजे तिचा लोभ आहे, असं ठरलं, आणि अव्वाचं वजन वस्तीत वाढलं.

पौषातल्या एका मंगळवारी अव्वा परत आली ती कावरीबावरी होऊन. चुलीपाशी बसून तिनं बायकांना सांगितलं की आज देवीनं हाक मारली. आवाज थेट थोरलीचा होता. ‘अव्वा’ म्हणून दोनदा हाक आली. पण तिनं मान वळवली नाही. बायकांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मलाही आईचा अभिमान वाटला, हे मला आजही लपवता येत नाही.

पुढं ज्वारी कमी पडायला लागली. जवळचं धान्य आम्ही गाड्यांत घालून आणलं होतं, बाकीचं गावात पेवांत होतं. पेव म्हणजे अंगणात खणलेलं आडासारखं खोल कोठार. त्याच्या तोंडावर दगड, दगडावर हातभर माती. गावात जायचं नाही म्हटल्यावर ते धान्य असून नसल्यासारखं. वडीलधाऱ्यांनी ठरवलं की नैवेद्य आता फक्त अमावास्येला ठेवायचा, देवी समजून घेईल. अव्वाला ते पटलं नाही. ती म्हणाली, भुकेलेलीला दारातून परत लावू नये. पण बाईचं कोण ऐकतो!

मग ती अमावास्या आली. अव्वा नैवेद्य ठेवून आली. दुसऱ्या दिवशी दुरून पाहिलं तर परळ तसाच होता. तिसऱ्या दिवशीही तसाच, वर मुंग्यांची रांग.

आमच्या वस्तीत त्या दिवशी सण झाला. देवीनं नैवेद्य सोडला, म्हणजे देवी गाव सोडून गेली. रोग सरला. बायकांनी खोपीपुढं सडे घातले. काका तर मोहरून गेले होते. गाव असंच ओस राहिलं तर तहसिलीत त्याच्या नावापुढं ‘बेचिराग’ लिहितील, ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव, या शब्दाची त्यांना भारी धास्ती होती. अव्वानं अक्कासाठी एक लुगडं बाजूला काढून ठेवलं. विधवा लेकीला आता माहेरी आणायचं, सासरच्यांशी भांडावं लागलं तरी आणायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मला ते लुगडं दाखवून ती एवढंच म्हणाली की आता दोन दिवसांचा सवाल आहे.

गाव मोकळं झालं का ते बघायला आधी तिघांनी जायचं ठरलं. आमच्याकडून काका आणि मी, पलीकडून अप्पा. सकाळची उन्हं वर आल्यावर आम्ही वेशीत भेटलो. पायांना घासलेट चोळलं होतं, नाकाला कापराची पुडी बांधलेलं फडकं. अप्पा वाळून गेले होते. रीतीप्रमाणं कुणी कुणाचं विचारलं नाही. मला मात्र अप्पांच्या तोंडाकडं बघून अक्काचा अंदाज घ्यायचा होता. तेही माझ्याकडं तसेच बघत होते. तेव्हा मला वाटलं, म्हातारा पोरगा गेल्यापासून असा झाला असेल.

आत शिरलो आणि माझ्या अंगावर काटा आला. शाळेत मास्तर उर्दूतून शिकवायचे की चांदवर हवा नाही, पाणी नाही, कुणी राहत नाही. तिथं उतरल्यासारखं वाटलं. दारं मातीनं लिंपलेली, त्यांवर बाभळीच्या फांद्या. चिमणी नाही, कावळा नाही. टाकलेलं शीतच नाही तर कावळा कशाला येईल? आपलाच पाय आपल्याला ऐकू येत होता. काका कोपरे धुंडाळत होते. ताजा पडलेला उंदीर कुठंच दिसला नाही. त्यांनी समाधानानं मान हलवली.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. चावडीपुढं फुफाटा घोट्याएवढा साचला होता. पण अक्काच्या सासरच्या गल्लीत वळलो तर तिथं धूळच नव्हती. वाऱ्यानं धूळ उडते, पण ती भिंतीशी जाऊन बसते. इथं भिंतीच्या कडंलाही जमीन स्वच्छ होती. कुणीतरी ती झाडली होती.

मी काकांना दाखवलं. पुढं आडावर गेलो. गाव सोडताना प्रत्येकानं आपापला दोर नेला होता. सामाईक दोर आमच्या गावात कधीच नव्हता. आडाच्या लाकडाला दोर बांधलेला होता. लुगड्याच्या पट्ट्या फाडून, पिळून केलेला. लुगडं कोणतं ते मी ओळखलं आणि ओळखूनही मनात म्हणालो, अशी लुगडी पुष्कळ असतात.

अप्पांच्या घराचं पुढचं दार लिंपलेलं तसंच होतं. आम्ही बोळातून मागं गेलो. परसातल्या अंगणात पेवावरची माती उकरलेली होती. खड्डा वीतभर खोल, तिरपा, जागोजागी अर्धवट सोडलेला. बाजूला एक उलथनं पडलं होतं, त्याचं टोक वाकलं होतं. पेवाचा तो दगड हलवायला दोन धट्टेकट्टे गडी लागतात.

गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. दाराशेजारी भिंतीला लागून परळ ठेवलेले होते. धुतलेले, एकावर एक पालथे. आतून घासून लख्ख केलेले आणि बाहेरची विभूतीची तीन बोटं जपून न पुसलेली. एकूणएक परळावर माझ्या आईची बोटं होती.

अप्पा काकांकडं वळले. त्या माणसाचा आवाज मी आधी कधी असा ऐकला नव्हता.

‘ती तर तुमच्याकडं गेलती,’ ते म्हणाले. ‘अव्वानं बोलावलंय म्हणली.’

‘आमच्याकडं कामून येईल?’ काका म्हणाले. ‘तुमच्याकडंच व्हती की.’

आत जायला कुणी तयार होईना, म्हणून मी गेलो.

अक्का घोंगड्यावर कुशीवर निजली होती. फार दिवस झाले नव्हते. अंगात काही उरलंच नव्हतं, म्हणून वासही फारसा नव्हता. हात चिपाडासारखे झाले होते. अप्पा मागून आले, तिच्याजवळ बसले आणि त्यांनी तिच्या मानेखालचा पदर जरा सारला. तिथं गाठ फुटून गेल्याचा व्रण होता. वर नवी, गुलाबी कातडी आली होती. अप्पांनी आपल्या पोराची गाठ पाहिली होती, त्यांना कळलं. मलाही कळलं. अक्का गाठीतून उठली होती. गाठीतून शंभरात एखादं माणूस उठतं, ते आमच्या घरातलं निघालं आणि आम्ही त्याला उपाशी मारलं.

गाव सोडायच्या दिवशी तिला मानेखाली गाठ लागली असणार. सासरच्यांना ती माहेरी जाते म्हणाली, आणि वेशीपासून मागं फिरली. आपल्यामुळं कुठलीच वस्ती बाटू नये म्हणून. नाव घेऊन कुणी विचारणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तीही त्याच गावची पोर होती. मरायला म्हणूनच ती परतली होती, आणि मेली नाही. मग बरी झाल्यावर, तरीही वस्तीवर पाऊल न टाकता, ती लिंबापाशी अव्वाला हाका मारायला आली.

मला तिथंच परळ फोडावेसे वाटले. काकांनी माझा हात धरला. ते रडत होते, पण त्यांचं डोकं शाबूत होतं. ते म्हणाले की गावाला एवढंच सांगायचं, गाव मोकळं आहे.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. जंगमाला, आमच्या पुरोहिताला, बोलवायचं म्हणजे सगळं उघड करायचं. म्हणून आम्ही तिघांनीच अप्पांच्या परसात खड्डा घेतला. अप्पांनी मला कुदळ हातात घेऊ दिली नाही. सून माझी, खड्डा मी घेणार, असं म्हणून ते एकटेच खणत राहिले, आणि दम लागला की तिच्याकडं बघून कानडीत काहीतरी पुटपुटत होते. तिच्या गळ्यातलं इष्टलिंग मी सोडून तिच्या तळहातावर ठेवलं. ती इतकी हलकी होती की तिला उचलायला मी एकटा पुरलो. परळ आम्ही तिच्याबरोबरच मातीत घातले. कुणी बघायला नको, म्हणून.

दुपार कलल्यावर आम्ही रानात परतलो. काकांनी हात वर करून इशारा केला आणि वस्तीत एकच गलका झाला. बायका खोपीवरची पाचटं ओढायला लागल्या, पोरं गाड्यांकडं धावली. अव्वा आमच्या खोपीपुढं गाठोडी बांधत उभी होती. तिनं माझं तोंड पाहिलं. देवी अजून बसली नव्हती, रीत अजून उठली नव्हती, तरी तिनं माझ्या बहिणीचं नाव घेतलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं. काही महिन्यांत त्या वस्तीत घेतलेलं ते पहिलं नाव होतं. काका मागं वळून उभे राहिले.

मी तिला सांगितलं, अक्का गेली.

‘कशानं?’

‘गाठीनं.’

‘कवा?’

वाटेनं येताना मी काही ठरवलं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि मला कळलं की दिवस मोजायला या बाईला जागा द्यायची नाही. एकही दिवस द्यायचा नाही.

‘गाव सोडलं त्याच राती,’ मी म्हणालो. ‘घरातच व्हती. आमाला आज घावली.’

अव्वा खाली बसली. बराच वेळ तिनं लुगड्याचा काठ बोटांत धरून ठेवला. नंतर तिनं डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जणू मीच काही गमावलं होतं आणि ती मला सावरत होती.

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘लई दिवस एकटी ऱ्हायली न्हाई.’

मी व्हय म्हणालो. मग तिच्याजवळचं गाठोडं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं.