टाळू भरणे

नातीला न्हाऊ घातलं की मी तिची टाळू भरते. डोक्यावरच्या त्या मऊ खळग्यात ठेवलेलं तेल संथपणे वर-खाली होतं आणि वाटतं, पोचलं मेंदूपर्यंत. माया वरून ओतली की आत मुरते, असं आमच्या घरातल्या बायका मानत आल्या.

बाळंतपणाला आलेली माझी लेक काल म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाल्या, वरून काही आत जात नाही गं. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी माझ्या दुधातून जाते. मला तेलकट मासळी खायला सांगितलीय."

म्हणून आज तारल्यांचं कालवण केलं. लहानपणी घरात तारल्या शिजायला लागल्या की हीच पोरगी नाक दाबून शेजारी जाऊन बसायची. आज तिने सावकाश एकेक काटा काढला. वासाने डोळ्यांत पाणी आलं, तरी ताटलीतला रस्सा भाकरीने पुसून खाल्ला.

तिच्या कुठल्याही निकालाच्या दिवशी माझी मान एवढी ताठ झाली नव्हती.

तेलाची वाटी मी फळीवर ठेवून दिली. आज नातीची टाळू तिची आईच आतून भरत होती.